लहान मुलांना युकुलेलेवर सोपी गाणी शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान चार ते नऊ वर्षांच्या मुलांना युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, घरी किंवा गटात शिकवणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी आहे. तुम्ही स्वतः वादक असलंच पाहिजे असं नाही, पण मुलाच्या दोन गाणी पुढे राहा. खालच्या सगळ्या उत्तरांमागे आमचा आग्रह एकच आहे: गाणं थांबता कामा नये. बोट चुकलं, कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) सुटली, तार मुकी वाजली तरी चालेल; ठेका आणि गाणं पुढे जात राहिलं पाहिजे. या वयात जे जमतं ते त्यामुळेच जमतं.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

चार-साडेचार वर्षांचं मूल मोकळ्या तारा ठेक्यात छेडू शकतं. पाच-सहाव्या वर्षी एका बोटाच्या कॉर्ड्स जमतात. तीन बोटं वेगवेगळ्या जागी एकाच वेळी ठेवणं बहुतेकांना सातव्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. वयापेक्षा एक खूण जास्त उपयोगी: मूल गाणं म्हणताना एकसारख्या टाळ्या वाजवू शकतं का? वाजवत असेल तर ते तयार आहे. नसेल, तर आधी काही आठवडे टाळ्यांचेच खेळ खेळा. ठेका नसताना हातात वाद्य दिलं तर पुढचा सगळा वेळ त्या वाद्याशी झगडण्यात जातो.

सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर: यातल्या कोणत्या आकाराचं युकुलेले घ्यावं?

नऊ वर्षांपर्यंत सोप्रानो. त्याची एकूण लांबी साधारण ५३ सेंटिमीटर, म्हणजे २१ इंच असते. फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेली घरं, जवळजवळ असल्यामुळे लहान बोटं पोहोचतात. हात मोठा असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला २३ इंची कॉन्सर्टही चालतं. टेनर २६ इंची असतं, ते नंतर. बॅरिटोन अजिबात नको; त्याच्या तारा वेगळ्या सुरांत लावतात, त्यामुळे इथे सांगितलेली एकही कॉर्ड त्यावर बरोबर वाजणार नाही.

खेळण्यांच्या दुकानातलं रंगीत प्लास्टिकचं चालेल का?

खेळणं असेल तर नाही. ते सुरात राहत नाही, आणि बेसूर वाद्यावर मुलाने अगदी बरोबर बोट ठेवलं तरी आवाज चुकीचाच येतो. त्याला वाटतं, आपणच चुकलो. वाद्य म्हणून बनवलेलं प्लास्टिकचं युकुलेले मात्र वाईट नसतं. पावसाळी हवेत ते लाकडापेक्षा बिनधास्त टिकतं.

घेण्याआधी चार गोष्टी बघा. खुंट्या दातेरी चाकाच्या असाव्यात. नुसत्या घर्षणावर टिकणाऱ्या खुंट्या मुलांच्या वाद्याला सारख्या घसरतात. दांडीच्या कडेवरून हात फिरवा, फ्रेटची टोकं बोचायला नकोत. मोकळी तार वाजवा आणि मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा: तोच सूर बरोबर एक सप्तक वर यायला हवा. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बघायची राहून जाते. दांडीच्या डोक्याजवळच्या पट्टीला नट म्हणतात. नट उंच असेल तर पहिल्या फ्रेटवर तार दाबायला खूप जोर लागतो. तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटची धातूची पट्टी व तार यांच्यातली फट पाहा. ती कागदाच्या जाडीएवढी असावी. जास्त असेल तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून नटच्या खाचा खोल करून घ्या. «आमच्या मुलाला एफ कॉर्ड जमतच नाही» या तक्रारीचं मूळ अनेकदा मुलात नसतं, नटमध्ये असतं. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर असली की ठीक.

तारा कोणत्या सुरांत लावायच्या?

वाद्य मांडीवर धरलं की चेहऱ्याकडची तार चौथी आणि जमिनीकडची पहिली. चौथीपासून पहिलीपर्यंत सूर असे: जी, सी, ई, ए. पांढरी एकचा सा धरला तर प, सा, ग, ध. चेहऱ्याजवळची तार सर्वांत खर्जातली असेल असं गिटारच्या सवयीने वाटतं, पण युकुलेलेत तसं नसतं. तिथला प हा सा आणि ग दोन्हींच्या वर असतो. सर्वांत खालचा सूर तिसऱ्या तारेचा. म्हणूनच सगळ्या तारा एकदम छेडल्या की तो खास हसरा, दाटीवाटीचा आवाज येतो.

वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर, म्हणजे कोणता सूर वाजतोय ते दाखवणारं यंत्र, घ्या. तो लाकडाचं कंपन टिपतो, त्यामुळे खोलीत गोंगाट असला तरी चालतो. एक सावधगिरी: बरेच ट्यूनर अक्षर दाखवतात, सप्तक दाखवत नाहीत. चौथी तार एक सप्तक वर ओढली तर तुटते, एक सप्तक खाली राहिली तर सैल लोंबते. सूर नेहमी खालून वर चढवत आणा. जास्त चढला तर बराच उतरवा आणि पुन्हा चढवा, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा निघून जातो.

तारा लावणं पहिली एक-दोन वर्षं मोठ्यांचं काम. मुलाने ऐकावं, «चढव» किंवा «उतरव» सांगावं. खुंटी फिरवायची तुम्ही.

नवीन युकुलेले रोज बेसूर होतं. परत करावं का?

नको. नायलॉनच्या किंवा फ्लुओरोकार्बनच्या तारा नव्या असताना ताणल्या जातात. पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक बैठकीच्या आधी, कधी मधेही, लावाव्या लागतात. मग स्थिरावतात. तो काळ कमी करायचा असेल तर तार बाराव्या फ्रेटजवळ बोटाने हलकेच वर उचलून सोडा, पुन्हा सुरात आणा, असं चार-पाच वेळा करा. धातूच्या तारा कधीही चढवू नका. त्यांच्या ताणाने घोडी (खोक्यावरची, तारा अडकवलेली पट्टी) उखडते.

व्हिडिओबरोबर वाजवलं की सूर जुळत नाही, कॉर्ड्स मात्र त्याच आहेत. असं का?

बहुधा व्हिडिओतलं वाद्य दुसऱ्या सुरात लावलेलं असतं. युकुलेले हवाईचं. १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग जहाजातून मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज कामगार होनोलुलूला उतरले. त्यांच्यासोबतच्या माशेट या चार तारांच्या छोट्या वाद्यावरून हे वाद्य घडलं. पुढे जगभर पसरताना तारा लावण्याच्या दोन रीती रुजल्या. कॅनडात १९६० च्या दशकात जे. चाल्मर्स डोन यांनी हॅलिफॅक्सच्या शाळांत युकुलेलेचा मोठा कार्यक्रम उभा केला. तिथली मुलं ए, डी, एफ शार्प, बी अशा तारा लावून शिकली. म्हणजे सगळंच आपल्यापेक्षा पूर्ण एक सूर वर, पांढरी दोनमध्ये. जुन्या छापील पुस्तकांतही ही पद्धत दिसते. बोटं तीच, नावं आणि सूर वेगळे. साहित्य निवडताना सुरुवातीलाच बघा: एकाच बोटाने, फक्त पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर दाबलेल्या कॉर्डला तिथे «सी» म्हटलंय की «डी»? «सी» असेल तेच घ्या.

मुलाने वाद्य धरायचं कसं? सारखं घसरतं.

बिनहाताच्या, पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीवर बसवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा जाड पुस्तकं ठेवा. वाद्याची पाठ पोटाला, खालची कड उजव्या मांडीला, आणि उजव्या कोपराची आतली बाजू वरच्या कडेवर हलकी टेकलेली. डाव्या हाताने दांडी पेलायची नाही. तो हात सोडला तरी वाद्य जागेवर राहिलं पाहिजे. ही परीक्षा रोज घ्या: «डावा हात वर!» मांडीवर रबरी जाळीचा तुकडा ठेवला की घसरणं जवळपास थांबतं. उभं राहून वाजवायचं तर पट्टा हवाच.

मूल बोटं बघायला वाद्य आडवं करून मांडीवर उताणं टाकतं. मग मनगट मोडतं आणि बोटं तारेवर आडवी पडतात. दांडीच्या कडेवर, म्हणजे मुलाला वरून दिसतील अशा जागी, पहिल्या तीन फ्रेटजवळ छोटे ठिपके चिकटवा. वाकून बघायची गरज राहत नाही.

मूल डावखुरं आहे. तारा उलट्या लावायच्या का?

आम्ही नको म्हणतो. दोन्ही हातांना नवीनच काम आहे, आणि गटात सगळ्यांची चित्रं एकसारखी राहतात. डाव्या हाताने छेडण्याचाच हट्ट महिनाभर टिकला तर सी आणि ए, जी आणि ई अशा नव्हे, तर चारही तारांचा क्रम पूर्ण उलटा करून घ्या. तिसरी तार जाड असते, तिच्यासाठी नटमधली खाच रुंद करावी लागू शकते.

पहिल्या बैठकीत नेमकं काय करायचं?

डाव्या हाताला काहीच काम नाही. मुलाला पाठ असलेलं गाणं टाळ्यांवर म्हणा. मग डावा तळहात तारांवर हलका ठेवून तारा मुक्या करा आणि उजव्या हाताने त्याच ठेक्यावर खाली घासा: चक, चक, चक, चक. त्यावर गाणं म्हणा. मग हात काढून मोकळ्या तारा. बस्स, पंधरा मिनिटांत मुलाने एक गाणं «वाजवलं».

छेडायचं अंगठ्याच्या बाजूने किंवा तर्जनीच्या नखाने, जिथे दांडी खोक्याला मिळते तिथे. गोल भोकावर छेडलं तर आवाज कडक येतो आणि बोट तारांत अडकतं. हालचाल मनगटातून, कोपरातून नव्हे. सगळ्या चार तारा वाजल्या पाहिजेत. मुलं बऱ्याचदा चौथी आणि तिसरी या दोनच तारांपर्यंत पोहोचून थांबतात.

कॉर्ड्स कोणत्या क्रमाने शिकवाव्यात?

पुढचे आकडे चौथ्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत कोणता फ्रेट दाबायचा ते सांगतात. शून्य म्हणजे मोकळी तार.

सी: ०००३. अनामिका पहिल्या तारेवर. तर्जनी वापरायचा मोह होतो, कारण ती ताकदवान. पण मग पुढे हात सारखा सरकत राहतो. अनामिकेचीच सवय लावा.
ए मायनर: २०००. मधलं बोट चौथ्या तारेवर.
सी सेव्हन: ०००१. तर्जनी पहिल्या तारेवर.
एफ: २०१०. ए मायनरचं मधलं बोट तसंच, त्यात तर्जनी दुसऱ्या तारेवर.
जी सेव्हन: ०२१२. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या आणि अनामिका पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. तीन बोटांचा त्रिकोण.

एका वेळी एकच. नवी कॉर्ड आली की तिच्यासोबत तिचं गाणंही त्याच दिवशी यायला हवं. आठवडाभर नुसत्या कॉर्डच्या आकाराचा सराव देणं हे मुलाला वाद्यापासून दूर करण्याचं खात्रीचं साधन आहे.

पहिल्या गाण्याचं एखादं उदाहरण द्याल?

हे खास सरावासाठी बांधलेलं आहे. चार मात्रांचे आठ गट, दोनच कॉर्ड्स, प्रत्येक मात्रेला एक खालचा फटकारा. आडवी रेघ म्हणजे रिकामी मात्रा. तिथेही हात चालूच.

सी: चा ले चा ले | गो गल गाय –
सूर: सा सा ग ग | प प ग –

जी सेव्हन: पा ठी वर घर | पो टात पाय –
सूर: रे रे म म | प म रे –

सी: हात ला व ता | शिं गं आत –
सूर: प प ग ग | प प ग –

जी सेव्हन: सर कत सर कत | सी: पा ला खात –
सूर: रे म म रे | ग ग सा –

हे एकच गाणं चार पातळ्यांवर वाजतं. पाच वर्षांचं मूल फक्त सी वाजवतं आणि जी सेव्हनच्या ओळीला तारा मुक्या करून नुसतं चक-चक करतं, तुम्ही कॉर्ड वाजवता. पुढची पायरी: जी सेव्हनच्या जागी फक्त चौथी मोकळी तार अंगठ्याने छेडायची. ती तार म्हणजे प, जी सेव्हनचा पाया, म्हणून ती तिथे चपखल बसते. त्यानंतर खरी जी सेव्हन. आणि चौथी पातळी म्हणजे गाण्याचे सूरच वाजवणं: सा तिसरी तार मोकळी, रे तिचाच दुसरा फ्रेट, ग दुसरी तार मोकळी, म तिचा पहिला फ्रेट, प तिचा तिसरा फ्रेट. पुढे लागतील तेव्हा ध पहिली तार मोकळी, नी तिचा दुसरा आणि वरचा सा तिसरा फ्रेट.

मुलाला येणाऱ्या गाण्याला कॉर्ड्स आपणच कशा शोधायच्या?

ज्याला हार्मोनियमवर गाणं काढता येतं त्याला हे नक्की जमेल. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर. पांढरी एकचा सा धरून:

सी = सा, ग, प
एफ = म, ध, सा
जी सेव्हन = प, नी, रे, म
ए मायनर = ध, सा, ग

आता गाणं पांढरी एकमध्ये म्हणा आणि चार-चार मात्रांचे गट पाडा (दादऱ्याच्या चालीचं असेल तर तीन-तीन). प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर कोणता सूर आहे तो लिहा. सा किंवा ग असेल तर आधी सी वाजवून बघा. रे किंवा नी असेल तर जी सेव्हन. ध असेल तर एफ. म आणि प दोन-दोन कॉर्ड्समध्ये आहेत. तिथे दोन्ही वाजवून कान सांगेल ते ठेवा. शेवट जवळपास नेहमी सीवर, आणि त्याच्या आधी बहुतेकदा जी सेव्हन.

मधल्या छोट्या सुरांसाठी कॉर्ड बदलू नका. चार मात्रांत एक बदल ही मुलांसाठी कमाल मर्यादा. आठ मात्रांत एक असेल तर उत्तम. गाण्याला मूळच्या पाच कॉर्ड्स असतील आणि दोनमध्ये भागत असेल तर दोनच ठेवा.

दोन अडचणी येतील. एक, पट्टी. लहान मुलांचा आवाज पांढरी एकच्या सापासून धपर्यंत आरामात चालतो. चाल साच्या वरच राहत असेल तर सी सोयीची. चाल साच्या खालच्या पपर्यंत उतरत असेल तर एफला सा माना; अशा दोन कॉर्ड्सच्या गाण्यात घरची कॉर्ड एफ आणि जोडीची सी सेव्हन. या पट्टीत तिसरी कॉर्ड लागली तर ती बी फ्लॅट येते, ३२११, आणि ती लहान हातांना फार कठीण. तेव्हा एफमध्ये दोन कॉर्ड्सचीच गाणी निवडा. दुसरी अडचण, कोमल सुरांच्या चाली. कोमल ग, कोमल रे घेणाऱ्या रागदारी चालींवर या कॉर्ड्स ओढून बसवू नका, चाल बिघडते. तिथे नुसते सूर वाजवा आणि चौथी व तिसरी मोकळी तार, प आणि सा, ठेक्याला धरा.

कॉर्ड बदलताना दर वेळी गाणं थांबतं. काय करू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मूल थांबतं, कारण ते सगळी बोटं नीट बसेपर्यंत उजवा हात रोखून धरतं. म्हणून नियम उलटा करा: उजवा हात कधीच थांबायचा नाही, डाव्याने त्याला गाठायचं.

त्यासाठी एक युक्ती आहे. गटातल्या चौथ्या मात्रेला बोटं उचला आणि मोकळ्या तारांवरच फटकारा मारा. मोकळ्या तारा प, सा, ग, ध. सीबरोबर त्या कानाला खटकत नाहीत, बाकीच्यांबरोबरही क्षणभर खपून जातात. बोटांना हलायला पूर्ण एक मात्रा मिळते.

कोणते बदल सोपे आणि कोणते अवघड हेही ओळखून गाणी लावा. ए मायनर ते एफ सर्वांत सोपा: मधलं बोट हलतच नाही, तर्जनी येते-जाते. एफ ते सी सेव्हनमध्ये तर्जनी त्याच फ्रेटवर एक तार खाली सरकते आणि मधलं बोट उठतं. सी ते एफ दिसतो साधा, पण त्यात सगळी बोटं बदलतात, म्हणून तो उशिरा घ्या. सी ते जी सेव्हनमध्ये अनामिका पहिल्या तारेवरच एक फ्रेट मागे सरकते. तिला तार सोडू देऊ नका, तीच बाकीच्या दोघांना वाट दाखवते.

बदलाचा सराव न छेडताही होतो. चार मोजत दाबा, चार मोजत सोडा, चार मोजत दुसरी कॉर्ड. मिनिटभर, जास्त नाही.

तार खरखरते किंवा मुकी वाजते.

एकेक तार सावकाश वाजवून बघा, कोणती ते कळेल. दाबलेली तार खरखरत असेल तर बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीपासून लांब आहे. पट्टीच्या अगदी मागे आणा, पट्टीवर नव्हे. मोकळी तार मुकी असेल तर शेजारचं बोट तिला टेकतंय. एफमध्ये तर्जनी आडवी पडून पहिली तार दाबते, हे हमखास होतं: बोटाचा शेवटचा सांधा उभा करायला सांगा आणि डाव्या हाताची नखं कापलेली आहेत ना ते बघा. तळहात दांडीला चिकटलेला असेल तरीही पहिली तार मरते. सगळं नीट असून एकाच फ्रेटवर खरखर येत असेल तर बहुधा त्याच्या पुढच्या फ्रेटची पट्टी उचललेली आहे. ते दुरुस्तीचं काम.

बोटं दुखतात म्हणतो.

टोकांवर वळ उमटणं ठीक, दुखणं नाही. दुखलं की थांबा आणि मोकळ्या तारांचं गाणं घ्या. रोज थोडं वाजवलं तर दोन-तीन आठवड्यांत त्वचा सरावते. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर मूल दांडी आवळून धरतंय. अंगठा दांडीच्या मागे सैल टेकला पाहिजे.

गातो तेव्हा वाजवता येत नाही, वाजवतो तेव्हा गाता येत नाही.

गाणं पुरेसं पाठ नाही. शब्द आठवावे लागत असतील तर हाताकडे लक्ष उरत नाही. आधी गाणं चालता-चालता, खेळता-खेळता म्हणता यावं इतकं मुरू द्या. मग प्रत्येक गटाच्या पहिल्याच मात्रेला एक फटकारा मारून गा. ते जमलं की पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला, मग चारही.

खाली-वर फटकारे कधी शिकवायचे?

चारही मात्रांचे खालचे फटकारे गाणं म्हणत, न अडखळता जमले की. त्या आधी नाही. वरचा फटकारा म्हणजे हात परत येताना पहिल्या दोन तारांना झालेला स्पर्श. वेगळी हालचाल नव्हे.

रंगीत टिकल्या वापराव्यात का? नोटेशन कधी?

टिकल्या वापरा. सीला लाल, एफला निळी, जी सेव्हनला पिवळी, आणि गाण्याच्या शब्दांवर त्याच रंगाचे ठिपके. वाचता न येणाऱ्या मुलालाही मग गाण्याचा नकाशा कळतो. मात्र तीन-चार महिन्यांनी टिकल्या एकेक करून काढा, नाहीतर मूल टिकली बघतं आणि ऐकत नाही. कॉर्डचं चित्र सहा वर्षांनंतर दाखवा, वाद्य उभं धरून चित्राशेजारी ठेवा. आडव्या वाद्याशी उभं चित्र जुळवणं मुलांना अवघड जातं. स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलेखनाची) या टप्प्यावर गरज नाही.

रोज किती सराव?

पाच-सहा वर्षांसाठी पाच ते सात मिनिटं, सात-आठसाठी दहा ते पंधरा. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. सुरुवात आणि शेवट येणाऱ्या गाण्याने, नवं मधे. युकुलेले कपाटात नको, हाताशी भिंतीवर किंवा स्टँडवर ठेवा. दिसलं की वाजतं.

वर्गात दहा-बारा मुलं आहेत. कसं सांभाळायचं?

सगळी वाद्यं मुलं येण्याआधी सुरात लावून ठेवा. बारा वाद्यांना सहज वीस मिनिटं लागतात. प्रत्येकावर नाव. पहिल्याच दिवशी «विश्रांती» शिकवा: युकुलेले मांडीवर पालथं, हात वर. ही एक खूण नसेल तर तुमचा आवाज कुणाला ऐकूच येणार नाही.

मग वर्गाचे दोन गट करा. एक गट फक्त सी धरून बसतो, दुसरा फक्त जी सेव्हन. आपली कॉर्ड आली की वाजवायचं, एरवी गायचं. कुणालाच बदल करावा लागत नाही, तरी पूर्ण गाणं उभं राहतं. दुसऱ्या फेरीत गट अदलाबदल. ज्या मुलांना बदल जमतो त्यांना दोन्ही वाजवू द्या. गती मिनिटाला ६० ते ७० मात्रांच्या पुढे नेऊ नका. मुलं आपोआप पळतात, तुम्ही पायाने ठेका धरून ठेवा.

दोन महिन्यांनी कंटाळला.

गाणं बदला, पद्धत नाही. बहुतेकदा त्याला आवडणारं गाणं अजून वाजवायलाच मिळालेलं नसतं. ते अवघड असेल तर त्यातली एकच ओळ काढा, बाकी तुम्ही वाजवा.

तारा कधी बदलायच्या, वाद्य कसं जपायचं?

रोज वाजत असेल तर साधारण वर्षाने, किंवा तारेच्या खालच्या बाजूला, फ्रेटच्या पट्टीच्या जागी, बोटाला खड्डे लागू लागले की. एकेक तार काढून एकेक बसवा. वाजवून झाल्यावर तारा सुक्या कापडाने पुसा. उन्हात उभ्या गाडीत लाकडी वाद्य कधीही ठेवू नका. गरमीने डिंक सुटतो आणि घोडी उचलते. फार कोरड्या हवेत ते त्याच्या पेटीत ठेवा.

पुढे गिटार शिकायची असेल तर हे फुकट जाईल का?

नाही. गिटारच्या खालच्या चार तारांवर पाचव्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की त्याच स्वरनावांच्या तारा मिळतात, फक्त तिथली जी एक सप्तक खाली असते. म्हणून बोटांचे आकार जसेच्या तसे चालतात, नावं बदलतात: युकुलेलेच्या सीचा आकार कॅपोविना गिटारच्या त्या चार तारांवर जी होतो, एफचा सी, जी सेव्हनचा डी सेव्हन. वरच्या दोन तारांचं काम तेवढं नवं असतं. गिटारला हात पुरेसा लांब व्हायला हवा. तोवर युकुलेलेवरच सूर काढणं आणि नव्या कॉर्ड्स सुरू ठेवा.